धुऱ्यावरची झाडं मागणाऱ्या बाई

माझी पहिली नोकरी मला झाडावर अडकल्यामुळे मिळाली.

एम.एस.डब्ल्यू. होऊन तीनेक महिने झाले होते. नागपूरहून पदवी घेऊन मी फुलचूरला घरी परतले होते, आणि आई रोज सकाळी भाजी निवडताना कोणाची ना कोणाची मुलगी बँकेत लागल्याची बातमी ऐकवत होती. अशात कॉलेजातल्या एका सरांनी चिठ्ठी दिली. बिरसीकडे एका बाईंनी लाखेचा लहानसा कारखाना काढला होता, आणि त्यांना खेड्यापाड्यांत फिरणारं माणूस हवं होतं. पळसाच्या फांदीवर एक बारीक किडा बसतो, झाडाचा रस पितो आणि स्वतःभोवती राळेसारखं लाल कवच करतो, ती ही लाख. बांगड्यांत, लाकडाच्या पॉलिशमध्ये, औषधाच्या गोळ्यांवरच्या चकचकीत थरात ती असते. आमच्या गोंदियात एके काळी लाखेचा मोठा व्यापार होता. मी नोकरी शोधत होते तेव्हा तो बराचसा आटला होता.

मी इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घालून, प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून पोचले. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड होती. तिथल्या बायकांनी मागच्या वावराकडे बोट दाखवलं. धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या उंच बांधावर, एक पळस होता आणि त्यावर साडीचा काष्टा मारलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या बाई बसल्या होत्या. गळ्यात काळ्या दोऱ्याला भिंग लटकत होतं.

"नोकरीसाठी आली काय? चप्पल काढ अन् ये वर."

मी फाईल गवतावर ठेवली. दोन फांद्या चढले आणि तिसरीवर ओढणी अडकली. खाली पाय पोचेना, वर हात पोचेना. बाईंनी तेवढ्यात प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"समाजकार्यच काऊन केलं तू?"

मी पाठ केलेलं उत्तर दिलं. वंचित घटकांचं सक्षमीकरण वगैरे त्यात होतं.

"हे कोणाचं वाक्य होय? तुयं काय ते सांग."

बोटं घसरत होती. शेवटी मी म्हटलं, "बाई, मले उतरता येऊन नाही राहिलं."

त्या मोठ्यानं हसल्या. खाली उतरल्या, माझा पाय धरून खालच्या फांदीवर टेकवला आणि म्हणाल्या, "आता खरं बोलली. सोमवारपासून ये. ओढणी नको आणू."

फाईल त्यांनी उघडून पाहिली नाही. ती दहा वर्षांत कधीच पाहिली नाही.

बाई मूळच्या बिरसीकडच्या एका पोवार शेतकरी घरातल्या. गोंदियाच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत. लग्न केलं नव्हतं. नव्व्याण्णव साली चांगली पक्की नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग मांडला, आणि त्याची सुरुवात घरच्या वाटणीतून झाली. वडील गेल्यावर भाऊ वावरं वाटायला बसले. बहीण आता हिस्सा मागणार म्हणून दोघंही भाऊ आधीच घुश्शात होते. बाई म्हणाल्या, "मले वावर नको. धुऱ्यावरची झाडं द्या."

भावांना वाटलं, शिकवून शिकवून हिचं डोकं फिरलं. धुऱ्यावर होतं काय? वेडेवाकडे पळस, जे सरपणासाठी तोडायचेच होते. तरी बाईंनी तहसील कचेरीत जाऊन कागद करून घेतला. जमीन भावांची, तिच्यावरचे पळस बहिणीचे. तिथल्या बाबूनं म्हणे तीनदा विचारलं, "बाई, नक्की फक्त झाडं लिहू?"

ही हकिगत मला त्यांच्या थोरल्या भावानंच सांगितली, आणि सांगताना तो अजूनही थोडा ओशाळत होता. "आमी हसलो होतो जी तवा," तो म्हणाला. "आता आमच्या धुऱ्यावर आमालेच विचारून जावं लागते."

कामाच्या पहिल्याच आठवड्यात मला बाईंच्या रीती कळू लागल्या. त्यांच्या शेडमध्ये 'लाभार्थी' या शब्दाला बंदी होती. मी तो नागपूरहून शिकून आले होते आणि दर वाक्यात वापरत होते. तोंडातून निघाला की बाई बोलणं थांबवत आणि म्हणत, "कोणाचा लाभ? त्यायनं लाख पिकवली म्हणून तुले पगार मिळते. मंग लाभार्थी कोण?" आणि मला लाख धुण्याच्या टाकीवर पाठवत. कुटलेली लाख पाण्यात पायांनी तुडवायची, लाल पाणी काढून टाकायचं, पुन्हा तुडवायची. ते लाल पाणी बाई वाया जाऊ देत नसत, चर काढून भाजीच्या वाफ्यांत सोडत. महिनाभर माझे पाय घोट्यापर्यंत रंगलेले होते. आईनं ते पाहिले आणि कपाळावर हात मारला.

भिंग तर त्यांच्या गळ्यातून आंघोळीलाही उतरत नसावं. लाखेच्या कवचावर पिवळा ठिपका दिसला की किडे आता बाहेर पडणार हे ओळखायचं, त्यासाठी ते होतं. पण बाई त्यातून सगळंच बघत. तांदूळ बघत, पाहुण्यांचं व्हिजिटिंग कार्ड बघत. एकदा दिल्लीहून आलेल्या एका अधिकाऱ्याच्या सुटाची बाही त्यांनी धरली आणि भिंग लावून म्हणाल्या, "कापूस कमी हाय याच्यात."

गावातून मी परतले की विचारायच्या ते एकच. मी उत्साहानं सांगायची, या गावानं इतकी लाख काढली, त्या गावानं तितकी. त्या हात हलवत. "काढलं किती ते नको सांगू. ठेवलं किती ते सांग." झाडावर बीज म्हणून, म्हणजे पुढच्या हंगामात दुसऱ्या झाडांना बांधायला, जिवंत किड्यांच्या किती फांद्या राखल्या, किती झाडं यंदा विश्रांतीला सोडली, याची त्यांची वही होती. विक्रीचा कागद मात्र कुठल्या तरी खिळ्याला लटकलेला असे.

आईची समजूत काही पटत नव्हती. वडील रेल्वेत गँगमन म्हणून राबले, बाबासाहेबांचं नाव घेऊन पोरीला शिकवलं, ते काय झाडं चढायला? असं तिचं म्हणणं होतं आणि ते चूक नव्हतं. एका रविवारी बाई न सांगता आमच्या घरी आल्या. खुर्ची दिली ती बाजूला सारून आईजवळ खाली बसल्या. आई तांदूळ पाखडत होती. बाईंनी सूप ओढलं आणि स्वतः निवडायला लागल्या, अर्थात भिंगातून.

"ताई," त्या म्हणाल्या, "पोरगी तुमची लई हुशार नाही."

आईचा चेहरा पडला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, माझाही पडला.

"हुशार पोरी मी शाळेत लई पाहिल्या. पटापट शिकतेत अन् पटापट जातेत. हे टिकाऊ हाय. पाच वर्षं द्या मले. मंग बँकेवाल्या तिच्याकडे काम मागायले येतील."

बँकेवाल्या कधी आल्या नाहीत. पण आईनं त्या दिवशी बाईंना जेवू घातलं आणि त्यानंतर बँकेचा विषय काढला नाही. 'टिकाऊ' हा शब्द मात्र नातेवाइकांत पसरला आणि मला फार दिवस पुरला.

माझं क्षेत्र होतं केशोरीच्या बाजूची गावं. आठवडाभर तिथे खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी एस.टी.नं परत यायचं. तिथेच मला फुलवंताबाई भेटल्या. गोंड घरातल्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. धान निघाल्यावर लोक मजुरीसाठी बाहेर जात, तेव्हा गावातल्या बायकांना घेऊन पळसावर लाख धरण्याचं काम त्यांनीच पहिल्यांदा हाती घेतलं. बाईंची आणि त्यांची पहिली ठिणगी माझ्यासमोर उडाली.

त्या वर्षी लाखेचा भाव एकदम चढला. गोंदियाचा एक व्यापारी गावोगाव जीप फिरवत होता आणि कोवळी, न पिकलेली लाखसुद्धा झाडावरून खरडून घेत होता. पिकण्याआधी सगळी काढली की पुढच्या हंगामाला बीज उरत नाही. बाई त्याला भर बाजारात भेटल्या.

"शेठ, बीज तं राहू द्या."

"बहनजी, पेड़ आपका, कीड़ा भगवान का, भाव मेरा," तो हसत म्हणाला. "अगले साल की अगले साल देखेंगे."

बाई तणतणत फुलवंताबाईंच्या गावात आल्या आणि बायकांच्या बैठकीत सांगून टाकलं, यंदा कोणी एकही फांदी तोडायची नाही. मग फुलवंताबाई बोलल्या.

"बाई, तुमच्या घरी कोठी भरून धान हाय. आमाले पोट आज हाय अन् बीज आषाढात. दोन्हीचं सांगा."

मला वाटलं, आता बाई भडकणार. त्या उठल्या, बाहेर गेल्या, बराच वेळ एका पळसाकडे बघत उभ्या राहिल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, "फुलवंताबाई बरोबर बोलली. मी वहीतून बोलून राहिली होती." तिथेच बसून त्यांनी नवी रीत ठरवली. गावातल्या झाडांचे तीन हिस्से करायचे. एक आज काढायचा, एक बीजासाठी राखायचा, एकाला विश्रांती. पुढच्या वर्षी हिस्से फिरवायचे. त्या भागात आजही तसंच चालतं.

असं असलं तरी बाई सहज ऐकणाऱ्या नव्हत्या. त्यांना पटेपर्यंत त्या दगड असत, आणि एकदा त्या हट्टाची किंमत सगळ्या गावानं मोजली.

ते साल दोन हजार दहाच्या अलीकडचं. तलावाकाठच्या पळसांवर लाख खाणारी अळी फार पडते अशी बाईंच्या वहीत चार वर्षांची नोंद होती. म्हणून त्यांनी ठरवलं की यंदा उन्हाळ्याचं सगळं बीज टेकाडावरच्या झाडांना बांधायचं. दिवाळीनंतर बांधणी सुरू झाली तेव्हा फुलवंताबाई म्हणाल्या, "टेकाडावर मे महिन्यात झाड भाजते, बाई. खाली मुरूम हाय. थोडं तं तलावाकडे ठेवा."

बाईंनी वही उघडून दाखवली. फुलवंताबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी वही मिटली आणि परत दिली. मलाही बोलायला हवं होतं. मी बांधणीच्या दोऱ्या कापत राहिले.

मे महिन्यात गरम वारे सुटले आणि थांबलेच नाहीत. एका दुपारी फुलवंताबाईंनी मला टेकाडावर बोलावलं. फांदीवरची लाख जळक्या पापडासारखी सुटून हातात येत होती. आत किडा नव्हता, भुगा होता. आम्ही एकेक झाड बघत वरपर्यंत गेलो. सगळीकडे तेच.

मी फोन केला. बाई दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आल्या. मला वाटलं होतं बैठक बोलावतील. त्यांनी ती नको म्हटलं. "बैठकीत माणूस भाषण करते," म्हणाल्या. त्या घराघरात गेल्या. प्रत्येक दारात उभं राहून एकच सांगितलं, "तुमचं बीज माया चुकीनं मेलं. फुलवंताबाईनं मले आधीच सांगितलं होतं. मी आयकलं नाही." एका घरात म्हातारीनं त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. एका घरात दार लावून घेतलं. बाई त्या बंद दारासमोरही ती तीन वाक्यं बोलल्या आणि पुढच्या घरी गेल्या.

शेवटी फुलवंताबाईंचं घर आलं. बाईंनी गळ्यातलं भिंग काढून हातात धरलं होतं. त्या नजर वर करत नव्हत्या.

"आता बीज कुठून आणाचं?" फुलवंताबाईंनी एवढंच विचारलं.

"माया धुऱ्यावरून," बाई म्हणाल्या. "सगळं."

मी हबकले. धुऱ्यावरची ती लाख म्हणजे कारखान्याचं वर्षाचं भांडवल होतं. औषधांना लागणारी लाख घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीला बाईंनी शब्द दिला होता, आणि तो त्याच झाडांच्या भरवशावर होता. परतीच्या वाटेवर मी प्रथमच त्यांच्यावर आवाज चढवला. "बाई, कारखाना बंद पडेल. शेडमध्ये अकरा बायका आहेत. त्यांचं काय? माझं काय?"

"बंद पडला तं पुन्हा काढू. गाव एकदा सुटलं का पुन्हा नाही जुळत."

"हे तुम्ही एकट्यांनी ठरवायचं?"

त्या थबकल्या. "बरोबर हाय," म्हणाल्या. "चल, शेडमधल्या बायकांनाच विचारू."

विचारलं. अर्धा दिवस वाद झाला. दोघी काम सोडून गेल्या आणि त्यांचंही बरोबर होतं. उरलेल्या म्हणाल्या, द्या. त्या मोठ्या कंपनीला मी पत्र लिहिलं. त्यांनी त्यानंतर आमच्याकडून कधीच माल घेतला नाही.

आषाढाच्या तोंडावर धुऱ्यावरच्या लाखेला पिवळे ठिपके दिसले. आता घाई होती. किडे एकदा बाहेर पडू लागले की दोनचार दिवसांत नव्या फांदीवर जायला हवेत, नाही तर वाटेतच मरतात. पहाटे उजाडताना आम्ही फांद्या तोडल्या, जुड्या बांधल्या, हवेशीर खोक्यांत ठेवल्या आणि भाड्याच्या जीपमध्ये भरून केशोरीकडे निघालो. नवेगावबांधच्या अलीकडे जीपचं इंजिन बसलं. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, वाफ बघितली आणि सरळ सावलीत जाऊन बसला. ऊन चढू लागलं होतं. मी खोक्याचं झाकण उचललं तर काड्यांवर लाल कणी सरकताना दिसली. किडे निघाले होते.

मागून एस.टी. आली. बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

कंडक्टर खाली उतरला. "काय हाय खोक्यात?"

"किडे," बाई म्हणाल्या.

"किडे? मेलेले?"

"मेले असते तं मले घाई नसती. जिवंत हायेत. लगेजचं तिकीट फाडा."

कंडक्टर नाही म्हणाला. बाई दारात बसल्या. गाडीतली माणसं ओरडायला लागली. मग एक म्हातारबाबा खिडकीतून वाकले, खोक्यात डोकावले आणि म्हणाले, "अरे, लाखेचं बीज होय हे! आमचा बाप लावत होता. घे बापा, घे. वाळून जाईन." त्यांनी स्वतः उतरून एक खोकं उचललं. मग दुसऱ्या कुणीतरी. दहा मिनिटांत सगळी खोकी आत होती. गाडीत जागा नव्हती म्हणून लोकांनी जुड्या मांडीवर घेतल्या आणि ऊन लागू नये म्हणून त्यांवर टॉवेल, पदर, वर्तमानपत्र धरलं. एक नवी नवरी दोन जुड्या तान्ह्या मुलासारख्या कवेत धरून बसली होती. तिच्या हिरव्या बांगड्यांवर लाल कण चालत होते आणि ती ते एकेक करून बोटानं परत काडीवर सोडत होती. बाई मागे उभ्या होत्या. मी वळून पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहतेय हे कळल्यावर त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि खिडकीच्या काचेत काहीतरी बघू लागल्या.

गावात फुलवंताबाई आणि सगळ्या बायका झाडांखाली शिड्या लावून तयार होत्या. बाईंनी विचारलं, "कोणत्या झाडावर?" फुलवंताबाईंनी झाडं दाखवली. काही तलावाकाठची, काही बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या बाजूची, टेकाडावरचं एकही नाही. अळी पडू नये म्हणून काय करायचं ते बाईंनी सांगितलं, काड्या बारीक जाळीच्या पिशवीत घालून बांधायच्या, म्हणजे लाखेचा किडा बाहेर येतो आणि अळीचा पतंग आत अडकतो. सायंकाळपर्यंत शेवटची पिशवी बांधून झाली. कार्तिकात त्या झाडांच्या फांद्या लाल लेपानं जाड झाल्या होत्या. दोन हंगामांत गावाचं बीज गावाला पुरून उरलं आणि शेजारच्या गावालाही गेलं. कारखाना वर्षभर अर्धपोटी चालला, पण चालला. सोडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली.

त्या दिवसापासून कुठलंही झाड फुलवंताबाईंनी बोट दाखवल्याशिवाय बांधलं गेलं नाही. आणि बाईंच्या वहीत पहिल्या पानावर नवी ओळ आली: 'वहीत नसलेलं आधी विचारा.'

पुढे पुढे शहरांत आमच्या कामाला नवी नावं मिळू लागली. नागपूरला एका परिषदेत बाईंना बोलावलं होतं. विषय होता रिजनरेटिव्ह बिझनेस. जाताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "हे काय असते?"

मी म्हटलं, "ज्या धंद्यानं जमीन, झाडं, माणसं आधीपेक्षा बरी होतात, तो."

"अन् बाकीच्या धंद्याले काय म्हणतेत?"

"नुसतं बिझनेस."

त्यांनी पदरानं भिंग पुसलं आणि म्हणाल्या, "उलटं झालं पोरी. वेगळं नाव त्या दुसऱ्याले द्यायले पायजे होतं."

परिषदेतही त्या एवढंच बोलल्या आणि खाली बसल्या. त्यांना वीस मिनिटं दिलेली होती.

त्याच परिषदेत भोपाळच्या एका मोठ्या संस्थेनं मला बोलावणं दिलं. चार राज्यांतल्या अशा लहान उद्योगांना उभं करण्याचं काम होतं. बाईंना सांगायला मला आठ दिवस लागले. मी सांगितलं तेव्हा त्या लाख वाळवत होत्या. फावडं थांबलं नाही. "जा," म्हणाल्या. "कायले थांबते? इथं तुले मी सोडून शिकायसारखं काही उरलं नाही, अन् मले तू शिकून टाकलं."

भोपाळच्या लोकांना आधीच्या मालकाचं शिफारसपत्र हवं होतं. बाईंनी रेघांच्या कागदावर मराठीत लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि दिलं. मुलाखतीत तिघं समोर होते. तिघांनाही मराठी येत नव्हती. मधल्या बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "आप ही पढ़कर हिंदी में सुना दीजिए."

मी वाचायला लागले. पत्र असं होतं: 'ही मुलगी अहवाल नेहमी उशिरा देते. घाबरली की गरजेपेक्षा जास्त बोलते, आणि जिथे बोलायचं तिथे एकदा गप्प बसली होती. ते तिला अजून टोचतं, म्हणून पुन्हा बसणार नाही. झाडावर चढायला तिला दोन वर्षं लागली. माझ्यावर ओरडायला सात. दोन्ही तिनं नीट केलं. तिला नोकरी दिलीत तर ती तुमच्याशीही भांडेल. ते तुम्हाला नको असेल तर तिला परत पाठवा, मला पाहिजे आहे.'

मी एकही शब्द न गाळता हिंदीत सांगितलं. 'मला पाहिजे आहे' हे मला दोनदा सांगावं लागलं. मधल्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, "कब से आ सकती हैं?"

माझं करिअर, लोक ज्याला करिअर म्हणतात ते, तिथून सुरू झालं. मी माणसं निवडते, उद्योग उभे करते, परिषदांत पूर्ण वीस मिनिटं बोलते. तरुण पोरं विचारतात, या क्षेत्रात पुढे जायचं तर काय करावं? मी त्यांना काहीबाही सांगते. बाईंसारखं सांगणं मला अजून जमलेलं नाही.

तीनचार वर्षांनी रजा घेऊन मी केशोरीला गेले. बाई साठीच्या झाल्या होत्या आणि तोवर त्यांनी एक अजब गोष्ट केली होती. लाख पिकवणाऱ्या गावांतल्या बायकांची मिळून एक कंपनी स्थापन झाली होती. बाईंनी कारखाना, शेड, आणि धुऱ्यावरच्या झाडांचा तो कागदसुद्धा त्या कंपनीच्या नावे केला होता. अध्यक्ष होत्या फुलवंताबाई. सही करायला त्या आता शिकल्या होत्या. आणि सगळं देऊन झाल्यावर बाईंनी कंपनीकडे रीतसर अर्ज केला होता, नोकरीसाठी.

"आमाले पहिले वाटलं, थट्टा करून राहिल्या," फुलवंताबाई मला सांगत होत्या. आम्ही कंपनीच्या नव्या खोलीत बसलो होतो. "मंग दोन दिवस बैठक घेतली. काही बाया म्हणे, त्या आल्या का पुन्हा त्याच मालकीण होतीन. मंग ठरवलं, बीज तपासाचं काम देऊ. सहा महिने पाहू. मंग कायम कराचं का नाही ते ठरवू."

तेवढ्यात बाई आल्या. वाळल्या होत्या, पण चाल तीच. मला पाहून उंबऱ्यातच थांबल्या. मी उठून पाया पडायला वाकले तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं आणि भिंगातून माझा चेहरा बघितला.

"भोपाळचं पाणी मानवलं तुले," म्हणाल्या. मग फुलवंताबाईंकडे वळून जरा चाचरत विचारलं, "पोरगी लई दिवसांनी आली. आज दुपारची सुट्टी घेऊ काय?"

"नाही," फुलवंताबाई म्हणाल्या. "बोडीकडचं बीज आजच पाहा लागते. ठिपके आले."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शाळेतली पोर पहिली आल्यावर मास्तरणीच्या चेहऱ्यावर दिसावा तसा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. "पाहिलं?" त्या मला कुजबुजल्या. "नाही म्हणते मले!" आणि पिशव्यांचं गाठोडं उचलून उन्हात निघाल्या. जाताजाता दारातून ओरडल्या, "चार वाजता सुटते मी. जाऊ नको."

मी बसून राहिले. फुलवंताबाईंनी चहा पुढे केला, बाहेर मान करून बाई लांब गेल्या का ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कायम तं करणारच आहो आमी. पण तुमी त्यायले सांगू नका. सांगितलं का मंग आयकत नाहीत त्या."